तात्यांच्या वाटणीची कळशी

आमच्या तात्यांना आम्ही मायेनं मारलं. हे वाक्य मी आजवर कुणापुढं उच्चारलेलं नाही, आणि धाकट्या भावानं हे वाचलं तर तो माझ्याशी महिनाभर बोलणार नाही हेही मला ठाऊक आहे. न बोलू दे. तात्या म्हणजे आमच्या वडिलांचे वडील. त्यांना कुणी उपाशी ठेवलं नाही, घालूनपाडून बोललं नाही, औषधपाण्यात हात आखडला नाही. उलट गल्लीत आमच्या घराचं नाव घ्यायचे लोक, म्हाताऱ्याला ठेवावं तर असं. आता मी स्वतः त्या वयाला आलेय. सून हातातला झाडू मायेनं काढून घेते, "आई, तुम्ही बसा हो," म्हणते, आणि मला असा काही राग येतो की ती बिचारी बावचळून जाते. तिला एकदा कारण सांगायला हवं म्हणून हे लिहायला घेतलं.

सातारा जिल्ह्यात मेढ्याच्या वरच्या अंगाला डोंगरात आमची वाडी. अकरा वर्षांची होईपर्यंत मी तिथं वाढले. दादा, म्हणजे माझे वडील, कुपवाडला एका कारखान्यात लेथवर कामाला होते, सांगलीत एका दोस्ताच्या खोलीवर राहायचे आणि महिन्या-दोन महिन्यांनी यष्टीनं वाडीला यायचे. घरात तात्या, आजी, आई, मी आणि धाकटा भाऊ. मला जाग यायची ती कळशीच्या आवाजानं. तात्या तांब्याची कळशी आधी उंबऱ्याबाहेरच्या दगडावर टेकवायचे, मग घोंगड्याचा एक तुकडा झटकून खांद्यावर टाकायचे आणि दोनदा खाकरायचे. पाणवठा वाडीच्या खाली होता, उतरायला सोपा आणि चढताना तरण्या माणसाच्या तोंडाला फेस आणणारा. घरचं बाकीचं पाणी आई आणि आजी डोक्यावरनं आणायच्या, पण रोजच्या दोन खेपा तात्यांच्या ठरलेल्या. पहिली आमच्या देवाची आणि प्यायची, दुसरी धोंडबाची.

धोंडबा तात्यांचा लंगोटीयार. तरुणपणी गुरांना पाला तोडताना झाडावरनं पडून त्याचा एक पाय गुडघ्यात अधू झाला होता. बायको लवकर गेली, मूलबाळ नाही. चढावरच्या वळणाला त्याची झोपडी होती. तात्या त्याच्या रांजणात कळशी रिकामी करायचे आणि तो गुळाचा कोरा चहा पुढं करायचा. मग दोघं दारातल्या दगडावर बसून तंबाखू मळायचे आणि एकमेकांना मनसोक्त शिव्या घालायचे. (आयुष्य वाढवायच्या सवयींत तंबाखू बसत नाही, कळतं मला. पण घडलं ते लिहिते.) आजीनं एकदा तात्यांना विचारलं, "आवं, धोंडबाचं पानी वाडीतलं कुनीबी पोरगं आनून दील. ह्या वयात तुमालाच का वढ?" तात्या म्हणाले, "मी त्येला पानी देतो असं वाटतंय व्हय तुला? त्यो मला उठवतो. त्येला तहान लागली न्हाई तर मी हातरुणात पडून ऱ्हाईन." आजीला ते पटलं नाही. मला तेव्हा कळलंही नाही.

खाणं असं की त्यात सांगण्यासारखं काही नाही, आणि तेच सांगण्यासारखं आहे. नाचणीची भाकरी, कुळथाचं माडगं, रानात जी उगवली असेल ती भाजी, वरईचा भात, वर वाटीभर ताक. तांदळाचा भात पाहुणा आला तर. अजून अर्धी भाकरी सहज खाल्ली असती असं वाटत असतानाच तात्या ताटात हात धुवायचे. आई आग्रह करायची तर म्हणायचे, "प्वाट म्हंजी काय पोतं न्हवं, दाबून भराया." दिवेलागणीला जेवण, गुरं बसली की माणसानंही बसायचं, आणि आडवं पडलं की क्षणात घोरणं. वय त्यांचं त्यांनाच नक्की माहीत नव्हतं. मोठ्या साथीच्या साली बापाचं बोट धरून आपण मेढ्याला चालत गेलो होतो, एवढंच सांगायचे. माझी सून हल्ली मोबाईलवरनं वाचून दाखवते, की चालतं राहा, दोन घास कमी खा, लवकर झोपा, माणसांत बसा, सकाळी उठायला काहीतरी कारण असू द्या. मी म्हणते, हे आमच्या तात्यांचं आहे, ह्यांनी कुठनं चोरलं? ती हसते. मीही हसते.

आजी गेली त्या वर्षी दादांना सांगलीत दोन खोल्या मिळाल्या आणि त्यांनी आम्हा सगळ्यांना न्यायचं ठरवलं. तात्या यायला तयार नव्हते. दिवस-कार्याला जमलेल्या भाऊबंदांच्या समोर दादा रडले. म्हणाले, "तात्या, आईला मी काय सुख दिलं न्हाई. तुमाला इथं एकटं ठिवून ग्येलो तर लोक माझ्या तोंडात शेण घालतील. लय राबलासा. आता बसून खायाचं." भाऊबंद म्हणाले, लेक असावा तर असा. एवढ्या लोकांत पोराला नाही कसं म्हणायचं? तात्यांनी शेत चुलत्यांकडं वाट्यानं लावलं, दोन धोतरं आणि ती कळशी फडक्यात बांधली आणि निघाले. वळणावर धोंडबा उभा होता. दोघांनी एकमेकांना शिवीसुद्धा घातली नाही. साताऱ्याला बस बदलून सांगलीपर्यंत तात्यांनी कळशी मांडीवरच धरली होती. कंडक्टरनं थट्टेनं विचारलं, "आजोबा, सांगलीत कळश्या मिळत न्हाईत व्हय?" तात्या म्हणाले, "मिळत आसतील. ही वळखीची हाय."

सांगलीतली आमची गल्ली गजबजलेली. दादांसारखी कुपवाडला सायकलवर जाणारी चार-पाच बिऱ्हाडं, बाकी जुने रहिवासी. शेजारी सुशीलाकाकू, घर जैनांचं. त्यांच्याकडं दिवस मावळायच्या आत जेवणं उरकायची, पाणी उकळून गाळून प्यायचे. त्यामुळं तात्यांचं नि त्यांचं पहिल्या दिवसापासून जमलं. नळ गल्लीच्या तोंडाशी. पाणी पहाटे पाचला यायचं आणि दीड-एक तासात जायचं. दुसऱ्याच दिवशी तात्या खांद्यावर घोंगड्याचा तुकडा टाकून, कळशी घेऊन बायकांच्या रांगेत उभे राहिले. पहिले दोन दिवस बायका लाजल्या, तिसऱ्या दिवशी "तात्या, माझी घागर पुढं सरकवा की," म्हणायला लागल्या. ते चार खेपा आणायचे. एखादी बाळंतीण असली की तिच्या दारात एक कळशी आपण होऊन ठेवायचे. पहिल्या दोन महिन्यांत मी त्यांना हसताना पुष्कळ वेळा पाहिलं. सांगली त्यांना मानवली होती, हे मी शपथेवर सांगेन.

मग एक दिवस सुशीलाकाकू आईला म्हणाल्या, "वहिनी, राग मानू नका हां. पण घरात सून असताना म्हातारं माणूस नळावर, चांगलं दिसत नाही हो. लोक नावं ठेवतात." काकूंच्या मनात काही वाईट नव्हतं. आपल्याकडची रीतच ती. म्हाताऱ्याच्या हातात काम दिसलं की घरच्यांची लाज जाते. आई दुपारभर रडली, संध्याकाळी दादांना सांगितलं. दादा मला म्हणाले, "सुमे, उद्यापास्नं पानी तू भरायचं. तात्या नळावर जायच्या आत." मी बारा वर्षांची. घरातलं मोठ्या माणसाचं काम माझ्याकडं आलं म्हणून छाती फुगली माझी.

तात्या पाचच्या सुमाराला उठायचे, म्हणून मी चारला उठून घरातली सगळी भांडी नळावर नेऊन रांगेत लावायचे, कळशीसकट. नळाला पहिली धार लागली की पहिला नंबर माझा. तात्या चूळ भरून, धोतर सावरून दारात येईपर्यंत घागरी भरलेल्या, हंडा भरलेला, पिंप काठोकाठ, आणि त्यांची कळशीही भरून देवापाशी ठेवलेली. पहिल्या दिवशी ते त्या सगळ्याकडं बघून म्हणाले, "लवकर उठलीस गं." आठवडाभरानं काही म्हणेनासे झाले. नुसते येऊन उभे राहायचे, खांद्यावरचा तुकडा काढून परत खुंटीला अडकवायचे. नळावर बायका म्हणायच्या, "पोरगी गुणाची हो, आजोबाला हलू देत नाही." ते ऐकायला मी पहाटेच्या थंडीतही पळत जायचे. खोटं कशाला बोलू, त्या कौतुकाची मला चटक लागली होती.

एक दिवस तात्यांनी मला जवळ बोलावलं. आई मोरीत होती. हळू आवाजात म्हणाले, "सुमे, एक कळशी ठिव की गं माज्यासाठी. सगळंच काय भरतीस? एकच ठिव. कुनाला सांगू नगंस." त्या बोलण्यात आजोबाचा हक्क नव्हता. मागणं होतं. मला ते आजही तसंच्या तसं ऐकू येतं, त्यातल्या "एकच"सकट. मी मान हलवली. आणि संध्याकाळी, सगळे जेवायला बसलेले असताना, मोठ्या दिमाखात दादांना सांगितलं, "दादा, तात्या म्हणत्यात एक कळशी त्यांच्यासाठी रिकामी ठिव. पण मी न्हाई ठेवणार."

दादांचा घास हातातच राहिला. ते चिडले नाहीत, चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांचे डोळे भरून आले. म्हणाले, "तात्या, आमचं काय चुकलं का? पोरगं बापाला पानी भराया लावतंय असं गल्ली म्हनती. माझी अब्रू घालवायची हाय का तुमास्नी?" तात्यांनी ताटातली चपाती दुमडली, परत उलगडली. म्हणाले, "न्हाई रं बाबा. पोरीची मस्करी केली." जेवण झाल्यावर दादांनी स्वतःच्या हातानं कळशी पुसली आणि वरच्या फळीवर, ट्रंकेमागं ठेवून दिली. तात्या माझ्याकडं बघतील म्हणून मी भिंतीकडं तोंड करून बसले होते. पण त्यांनी माझ्याकडं रागानं बघितलंच नाही. झोपताना माझ्या डोक्यावरनं नेहमीसारखा हात फिरवला. चार थपडा मारल्या असत्या तर मी इतकी वर्षं सुटले तरी असते.

त्यानंतर लाड सुरू झाले. दादांनी ओव्हरटाइम करून लोखंडी कॉट आणली, वर कापसाची गादी. हप्त्यानं ट्रान्झिस्टर घेतला. त्या दिवसांत रेशनला तांबडा मिलो, म्हणजे परदेशी हलकी ज्वारी, यायचा, तो आम्ही खायचो आणि तात्यांसाठी निराळ्या गव्हाच्या मऊ चपात्या, तुपाचा हात लावून. सकाळी शिरा, चहात दोन चमचे साखर, दुपारी चहात बुडवायला बेकरीतले कडक बटर. पूर्वी ताटात हात धुणारे तात्या आता समोर येईल ते खात राहायचे, कारण खाण्याखेरीज दिवसात दुसरं काही घडतच नव्हतं. दुपारी झोपायचे आणि मग सबंध रात्र कूस बदलायचे. चार महिन्यांत पायांवर सूज आली. "सुमे, आज वार कुठला?" असं विचारायला लागले. वाडीत बाजाराच्या दिवसावरनं आठवडा तोंडपाठ असलेला माणूस! धाकटा भाऊ शहाणपणानं वार सांगायचा आणि ते थोड्या वेळानं परत विचारायचे. एकदा म्हणाले, "वाडीला एक चक्कर मारून यिऊया." दादा म्हणाले, "दिवाळीत सुट्टी मिळाली की जाऊ, तात्या. आता तुमास्नी चढ झेपायचा न्हाई." डॉक्टर येऊन गेले, वय झालंय म्हणाले, आराम करू द्या. आराम तर आमच्याकडं पिंपभर होता.

मला कधी कळलं? नेमका दिवस सांगता येणार नाही. पाच वाजता नळाचा आवाज आला की कॉटवरच्या तात्यांचा उजवा हात खांद्याकडं जायचा, हे मी पाहिलं. झोपेत. तुकडा झटकून टाकल्यासारखा. ते पाहिल्यावर मला नळावरचं कौतुक गोड लागेना. दिवाळीला आठवडा राहिला असेल, मी आदल्या दुपारी ट्रंकेमागची कळशी काढली, चिंचेनं घासून लख्ख केली आणि कॉटखाली सरकवून ठेवली. पहाटे बाकीची भांडी भरली. ती रिकामी ठेवली. मग तात्यांना हलवलं. "तात्या, उठा. नळ आलाय. एक ऱ्हाईलीया तुमच्यासाठी."

ते उठून बसले. कळशी मांडीवर घेतली, गळ्याभोवती बोट फिरवलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर वाडीतलं हसू आलं, दगडावर बसून धोंडबाला शिवी घालताना यायचं ते. पाय खाली सोडले. कॉटच्या दांडीला धरून उभे राहिले आणि एक पाऊल टाकलं. दुसऱ्याला गुडघे वाकले. मी धरलं म्हणून पडले नाहीत. परत बसले, धापा टाकत. मग माझ्याच गालाला हात लावून म्हणाले, "ऱ्हाऊ दे पोरी. पायांची सवय मोडली. आता तूच भर." मी भरून आणली. त्यांनी त्यातलं ओंजळीनं दोन घोट घेतले आणि गादीवर भिंतीकडं तोंड करून निजले. मी मोरीत जाऊन पदर नसलेल्या फ्रॉकचाच बोळा तोंडात कोंबून रडले, कारण आईला कारण काय सांगायचं हे मला सुचत नव्हतं.

दिवाळीच्या सुट्टीची वाट त्यांनी बघितली नाही. चौथ्या की पाचव्या दिवशी सकाळी आई चहा घेऊन गेली आणि तिथंच खाली बसली. रडारड ऐकून गल्ली गोळा झाली. सुशीलाकाकूंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "सुमन, आंघोळीला पाणी लागेल बाळ. नळ जायच्या आत आण." मी कळशी घेऊन गेले. रांगेतल्या बायकांनी काही न बोलता मला पुढं केलं. तात्यांच्या शेवटच्या आंघोळीचं पाणीही मीच भरलं.

दादा रक्षा घेऊन वाडीला निघाले तेव्हा मी हट्टानं बरोबर गेले. चढाला लागलो तर पुढं कुणीतरी पाणी घेऊन चाललेलं. थांबत, एक पाय ओढत, काठी टेकत. जवळ गेलो तर धोंडबा. खांद्यावर लहानसा मातीचा डेरा. दादांनी विचारलं, "काका, तुमी? पानी कोन भरतंय तुमचं?" धोंडबा म्हणाला, "कोन भरनार? तुझा बाप ग्येला सांगलीला. माझं मीच." मग त्याचं लक्ष दादांच्या हातातल्या मडक्याकडं गेलं आणि माझ्या काखेतल्या कळशीकडं. त्यानं डेरा खाली ठेवला, दगडावर बसला. त्यानं खाली पाणवठ्याकडं बघितलं. मग विचारलं, "तिथं पानी कुठनं आनत हुता त्यो?"

दादा रडत रडत, पण ताठ मानेनं म्हणाले, "न्हाई काका. एक थेंब आनू दिला न्हाई. गादीवरनं खाली पाय ठिवू दिला न्हाई."

धोंडबानं वर बघितलं. दादांकडं, मग माझ्याकडं. म्हणाला, "लय जपलंस रं पोरा." आणि डेरा उचलून, पाय ओढत, चढाला लागला. त्यानंतरही कितीतरी वर्षं तो तसाच पाणी आणत होता. ज्याला बसवून खायला घालायला कुणी नव्हतं, तो टिकला.

दादा म्हातारपणी माझ्याकडं राहायला आले. मी त्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं, रोजचं दूध तुम्ही आणायचं, तीन जिने उतरून, डेअरीपर्यंत चालत. ते कुरकुरले, "बापाला राबवतीस?" मी म्हटलं, "व्हय, राबवते." नातेवाईकांत माझी छी-थू झाली. भाऊ भांडला. मी ऐकलं नाही, आणि दादा शेवटच्या आजारापर्यंत पिशवी हलवत जात राहिले. डेअरीवाल्याशी त्यांची दोस्ती झाली होती. एकदा मी मागनं गेले तर दादा त्याला सांगत होते, "आमच्या वडिलांना मी कळशी उचलू दिली न्हाई बघा. त्यांचा दोस्त मला म्हनाला हुता, लय जपलंस रं पोरा." डेअरीवाल्यानं माझ्याकडं बघितलं, खरं का, अशा अर्थानं.

मी मान हलवली. दादांच्या हातातली दुधाची पिशवी मात्र घेतली नाही.